आखितीचा ड्रम

मोर पाणी कसा पितो हे मी चाकणच्या निम्म्या कामगारांना प्रत्यक्ष करून दाखवलेलं आहे. चहाच्या टपरीवर, कामावर नेणाऱ्या व्हॅनमध्ये, आणि एकदा राजगुरुनगरला तहसीलच्या रांगेत. तिथे माझ्या मागच्या माणसाने मला वेड लागलंय असं समजून गुपचूप माझ्या पुढे नंबर लावला. मोर एक घोट घेतो, मान उंच करतो, घोट खाली उतरू देतो आणि मग चहूकडे बघतो. मुलगी बघायला आलेला नवऱ्यामुलाचा मामा पाण्याचा पेला हातात धरून आपल्या घराचे वासे मोजतो, अगदी तसा. यात तिळमात्र वाढवून सांगितलेलं नाही. मी तो मोर रोज आठ फुटांवरून बघत होतो. बरं, वीस फुटांवरून.

आमचं घर म्हणजे तीन बाजूंनी कंपनी आणि चौथ्या बाजूला टेकडी. पूर्वी तिन्ही बाजूंनी आमचं शेत होतं. ते गेलं, त्याबरोबर विहीरही गेली. आता तिच्यावर डिस्पॅचची शेड आहे आणि दिवसभर कंटेनर मागेपुढे होत असतात. राहिली ती घराची जागा आणि टेकडीच्या पायथ्याशी एवढंसं परडं. घर आणि कंपनी यांच्या मधे दहा फुटी भिंत, वर काटेरी तारेची वेटोळी. वडील, म्हणजे आमचे आण्णा, परड्यात बाज टाकून त्या भिंतीकडे तोंड करून बसायचे. डोळ्यांत मोतीबिंदू. भिंत काय आणि शेत काय, त्यांना दोन्ही सारखंच पांढुरकं दिसत असणार. पण त्यांनी बसण्याची दिशा काही बदलली नाही.

उन्हाळा लागला की टेकडी भाजलेल्या पापडासारखी होते. मग जनावरं उतरायची. दिवस मावळायच्या जरा आधी एखादं खोकड, ससा, मोर-लांडोरी आमच्या परड्याच्या कडेने भिंतीपाशी जायची, एका ठरावीक जागी थांबायची, भिंत हुंगायची आणि तशीच माघारी वळायची. मला वाटायचं, उंदीर असतील तिथे. आण्णा म्हणाले, "इहीर हुडकत्यात."

कंपनीच्या कडेने ओढा जातो. त्याला आता बारा महिने पाणी असतं, पहिल्या पाळीला तांबडं, दुसऱ्या पाळीला राखाडी, आणि रविवारी त्यावर असा फेस चढतो की लांबून बघणाऱ्याला वाटावं, आपल्या गावात बर्फ पडतो. त्या पाण्याला एकही जनावर तोंड लावत नव्हतं. जनावरांना कळतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अक्षय तृतीयेला, आमच्याकडच्या आखितीला, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेलं मडकं पुजतात आणि कुणाला तरी देतात, म्हणजे वर त्यांना तहान लागत नाही. त्या वर्षी आखितीच्या चार दिवस आधी आण्णांनी जेवता जेवता भाकरी खाली ठेवली.

"मेलेल्यास्नी पाणी देतोय आपण. ह्या जित्यांना कोण देणार?"

"कुणाला?"

"खाली येत्यात त्यांना. त्यांची इहीर म्या दिली. कागदावर आंगठा माझा हाय. मोराचा न्हाई."

शेत गेल्यापासून आण्णा एवढं सलग कधी बोलले नव्हते. बायकोने माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, एखादा ड्रम आणा की. तुमच्या कंपनीत पडलेले असतात."

ड्रम. आमच्या पट्ट्यात निळा प्लॅस्टिकचा ड्रम हे एक दैवत आहे. टँकरच्या गावात माणसाची पत दारातल्या ड्रमांवरून ठरते. सोयरीक जमवताना मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी घराच्या मागे जाऊन ड्रम बघून येतात. एका घरात तर मी नवरीच्या रुखवतात ड्रम बघितलाय, वर नारळ ठेवून. कशाचा होता, आत काय होतं, हे कोणी विचारत नाही. कंपनीतून बाहेर आला, साबणाने धुतला, की तो पाण्याचा झाला.

मी तळवड्याला एका लहानशा वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतो. लोखंडाचे पार्ट भट्टीत कडक करायचं काम चालतं तिथे, आणि त्या भट्टीत टाकायची पांढरी पूड निळ्या ड्रमांतून येते. रिकामे ड्रम माझ्याच ताब्यात. सुरक्षा सप्ताहातल्या घोषवाक्याच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. 'ड्रम झाला रिकामा, धोका मात्र भरलेला.' ते वाक्य स्टोअरच्या भिंतीवर माझ्या नावासकट लावलेलं आहे. त्याच भिंतीला टेकलेला ड्रम मी निवडला. व्हॅनच्या टपावर बांधून आणला. वाटेत त्याच्या पोटावरचं इंग्रजी स्टिकर नखाने काढून टाकलं, कारण आण्णांच्या कामाचा ड्रम स्वच्छ दिसायला हवा होता.

बायकोने आत डोकं घालून बघितलं. "बुडाला पांढरं काय धरलंय?"

"क्षार."

"नव्या ड्रमाला क्षार कुठून आला?"

माझ्याकडे उत्तर नसलं असं आजवर झालेलं नाही. मी म्हणालो, "अगं, आमच्या कंपनीतपण बोअरचंच पाणी आहे."

तिला पटलं. का नाही पटणार? आमच्याकडे बोअरच्या पाण्याने बादली पांढरी, नळ पांढरा, चहाचं पातेलं पांढरं. आमच्या गावचा माणूस मेल्यावर त्याच्या अस्थींवरसुद्धा क्षाराचा थर निघत असेल. पांढरा थर बघून घाबरायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी साबण लावला, घासणी फिरवली, दोनदा विसळला. थर निघाला नाही. क्षार कुठे निघतो?

ड्रम मधोमध कापला. वरच्या अर्ध्याला बूड नव्हतं. तो बायकोने कढीपत्त्याच्या रोपाभोवती आळं म्हणून बसवला. खालचा अर्धा भाग टेकडीच्या बाजूला जमिनीत काठापर्यंत पुरला. आण्णा बाजेवरून उठून आले. त्यांनी चाचपडत चाचपडत आतून आणि काठाभोवती दगड रचले, पायऱ्यांसारखे.

"हे कशाला?"

"ल्हान जीव पडला तर चढून यायला नगं?"

आखितीला पुजलेलं मडकं त्यांनी स्वतः त्यात रिकामं केलं. आधी पूर्वजांची नावं घेतली आणि मग म्हणाले, "आन् ह्यांचं."

पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी सातभाईंचा थवा आला आणि गावच्या ग्रामसभेसारखा गोंधळ घालून गेला. मग मोर, त्याच्यामागे चार लांडोरी. मग मुंगूस. दगडावर पोट टेकून पाणी पिणारी घोरपड. पहाटे ससा. आण्णांना आकार दिसायचे, रंग नाही. पण चालीवरून ओळखायचे. एक लांडोर डावा पाय ओढत चालायची. तिचं नाव त्यांनी लंगडी ठेवलं. ती येण्याच्या वेळी घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. एकदा बायकोच्या भावाचा फोन मोठ्याने वाजला, तर आण्णांनी त्या दिवशी जेवताना त्याच्या सगळ्या खानदानाची चौकशी केली.

त्यांच्यात बदल झाला होता. रात्रीचं जेवण म्हणजे आता बातम्या. कोण आलं, कोण किती प्यालं, कुणी कुणाला चोच मारली. अर्धी भाकरी खाणारा माणूस दीड खायला लागला. एकदा हात धुताना मला म्हणाले, "माज्यावरचं जरा उतारलं बग." काय उतरलं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

व्हॅनमध्ये मात्र माझ्या टेकडीवरून रोज जंगल उतरत होतं. सशाचा चिंकारा झाला, खोकडाचा लांडगा झाला, आणि दुसऱ्या आठवड्यात बिबट्या आला. एक नाही, जोडी. रांगेत उभे राहायचे, आधी मादी, मग नर.

"राव, हत्ती नाही आला अजून?"

"आला होता. ड्रम लहान पडतोय म्हणून परत गेला."

"मग मोठा ड्रम ठेव की भावा. तुझ्या बापाचीच कंपनी आहे."

मी हसायचो, ते हसायचे. मला वाटायचं, आपण फार मोठं पुण्य केलंय. दोन दिवसांनी तर वाटायला लागलं, ही कल्पना माझीच होती.

मेच्या मध्यावर टँकर चुकला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. घरात प्यायला कळशी पुरवायची वेळ. ड्रमातलं पाणी उन्हाने आटत बुडाशी आलं, पांढऱ्या थराला टेकलं. तरी जनावरं येत होती. उलट जास्त येत होती. काठावर पुढचे पाय देऊन, डोकं आत घालून बूड चाटत होती. आण्णा म्हणाले, "बग किती ग्वाड लागतंय त्यास्नी आपलं पाणी."

पाचव्या दिवशी पहाटे मी ड्रमापाशी गेलो तेव्हा दगडांच्या पायरीवर मुंगूस झोपलेलं होतं. मुंगूस उघड्यावर झोपत नाही. पायाने हलवलं तर लाकडासारखं सरकलं. तोंड उघडं, जीभ जांभळट.

ऊन, मी मनाशी म्हणालो. टीव्हीवरसुद्धा सांगत होते, ऊन फार आहे. मी ते खड्डा करून पुरलं आणि घरात येऊन चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी सहा सातभाई. एकाच बाभळीखाली, जवळ जवळ, जसे एरवी बसतात तसे. तिसऱ्या दिवशी ससा आणि चार तितर. मी आण्णांच्या आधी उठायला लागलो. खोरं घेऊन जायचो, पुरायचो, माती तुडवायचो आणि त्यांच्या बाजेवरून हाक आली की सांगायचो, "गाळ काढतोय, आण्णा."

"बरं करतुयास."

त्या दिवशी व्हॅनमध्ये कुणीतरी विचारलं, आज काय विशेष? बारा जीव मातीत घालून आलो होतो. मी म्हणालो, "काही नाही रे. दोन चिमण्या मेल्या उन्हाने." उभ्या आयुष्यात मी आकडा कमी करून सांगितलेला तो पहिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळे म्हणाले, खरंच ऊन फार आहे.

दुपारच्या चहाला भट्टीवरचे काका शेजारी बसले. लातूरकडचे, तीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून भुवया जळालेले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, आपल्या पुडीच्या ड्रमात पाणी ठेवलं तर चालतंय ना? धुऊन?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुणी ठेवलंय?"

"एक ओळखीचा आहे."

"बूड खरवडलं का त्यानं?"

"साबणाने धुतलंय."

"साबणानं जातंय व्हय ते? खाली दगडागत बसतंय. पाणी घातलं की हळूहळू सुटतंय. आमच्या गल्लीत एकानं न्हेला होता. तीन शेळ्या. जिभा निळ्या पडून." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "खारट असतंय ना ते. जनावर आवडीनं चाटतंय."

भिंतीवर माझं घोषवाक्य होतं. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसलो आणि दुपारनंतर सुट्टी टाकली. तळवडे ते घर, रस्त्यात कंटेनरच्या रांगा. त्या दिवशी मला एकही गोष्ट सुचली नाही. एकच चाललं होतं डोक्यात: आण्णांना कळलं तर. विहीर दिल्याचं ओझं त्या माणसाने इतकी वर्षं वाहिलं होतं, त्यातलं जरासं खाली ठेवलं होतं, आणि ते ठेवलं होतं मी आणलेल्या ड्रमात. त्यांनी हाताने दगड रचले होते. पूर्वजांचं नाव घेऊन पाणी ओतलं होतं. त्यांना सांगायचं, की आण्णा, आपण बोलावून मारली?

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. टँकर येऊन गेला होता. आण्णांनी बायकोला दोन घागरी ड्रमात ओतायला लावल्या होत्या. ते बाजेवर बसलेले, हात वर करून मला थांबवत होते.

"थांब. हालू नगंस. आली."

टेकडीवरून लंगडी उतरत होती. डावा पाय ओढत, दोन पावलं टाकून थांबत, मान काढून बघत. ड्रमापासून पंधरा फूट. दहा फूट. आण्णा ओठांतल्या ओठांत म्हणत होते, "ये बाई, ये."

मी ओरडत धावलो. काय ओरडलो ते आठवत नाही. एक दगड उचलून भिरकावला, मग दुसरा. दुसरा तिच्या जवळ पडला, किंवा तिला लागला. ती फडफडत, कशीबशी करवंदीच्या जाळीवरून टेकडीच्या बाजूला गेली. मी परड्यातला टिकाव घेतला आणि ड्रमाच्या बुडात घातला. तीन घाव. पाणी खाली जिरलं. आखितीचं, टँकरचं, सगळं.

मागे वळलो तर आण्णा उभे होते. बाजेला गुडघा टेकून.

"का रं?"

"बिबट्या यायला लागलाय, आण्णा. पाण्याच्या वासाने. कालच बघितला मी."

"बिबट्या आला न्हाई. म्या हितंच बसतो."

"कंपनीच्या सिक्युरिटीने तक्रार केलीय. साप येतात म्हणून."

"कोण आलं हुतं सांगायला?"

आयुष्यभर मी सशाचे बिबटे केले, आणि त्या दिवशी मला एक साधी, उभी राहील अशी थाप मिळेना. आण्णांनी माझ्या दिशेने मान वळवली. डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला होते.

"पाणी भरायचा कट्टाळा आला तुला. आसं सांग की."

बायको दारात उभी होती. तिने तोंड उघडलं. मी मुंगूस पुरताना तिने बघितलं होतं, मला माहीत आहे. मी तिच्याकडे बघून मान हलवली, नाही अशी.

"हो," मी म्हणालो. "आला कंटाळा."

आण्णा बाजेवर बसले. मग म्हणाले, "तान्हेल्याला पाण्यावरनं हाकाललंस." एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले.

ड्रम मी भंगारवाल्याला दिला नाही; त्याने तो कुणाला तरी धुऊन दिला असता. करवतीने तुकडे केले, पोत्यात भरून वर्कशॉपच्या धोक्याच्या कचऱ्यात नेऊन टाकले, जिथे तो पहिल्या दिवसापासून जायला हवा होता. बुडाखालची माती खणून तीही नेली. कढीपत्ता उपटावा म्हणून गेलो तर तो आधीच वाळलेला होता.

आण्णा येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचे. माझ्या पोरानं पाण्यावरनं मोर हाकलला. पाहुण्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, लाइटचं रीडिंग घ्यायला आलेल्याला सांगितलं. आमच्या घरातली एक गोष्ट पहिल्यांदाच काहीही न वाढवता गावभर झाली. टपरीवर माझं मोर करून दाखवणं बंद झालं. कुणी करायला सांगितलंही नाही.

पुढच्या आखितीच्या आधी मी सिमेंटची कुंडी बांधली. रोज सकाळी भरतो, आणि भरल्यावर आधी त्यातलं ओंजळभर पाणी स्वतः पितो. बायको म्हणते, आता कशाला? मी हात पुसतो आणि घागर आत नेतो. कुंडीवर चिमण्या येतात, कधी साळुंकी. टेकडीवरून मोर उतरलेला नाही. लंगडीही परत दिसली नाही. तिने त्या दिवशी सकाळीही बुडातलं प्यालं होतं की माझा दगड तिला नीट बसला, हे मला कधी कळणार नाही.

आण्णांना आता आकारही दिसत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हटलं तर बायकोला म्हणाले, "बगायला काय ऱ्हायलंय?" संध्याकाळी मात्र बाजेवर बसतात, मान जरा वाकडी करून, कान टेकडीकडे लावून. मीही सुट्टीच्या दिवशी थोडं अंतर ठेवून पायरीवर बसतो. आमच्यात बोलणं नाहीच.

परवा असाच बसलो होतो. कंपनीत पाळी बदलली, भोंगा झाला आणि मग कंटेनरचे आवाजही जरा थांबले. वाळलेल्या पाल्यात काहीतरी सरसरलं. सरडा असेल, वारा असेल. मला कुंडी स्वच्छ दिसत होती. तिथे कुणी नव्हतं.

"लंगडी आली का रं?"

दोन वर्षांत ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं.

"आली," मी म्हणालो.

आण्णांनी हात वर केला, पूर्वी करायचे तसा, मला थांबवायला.

"मग हाकलू नगंस."

ते हात वर धरून बसून राहिले. आणि एका लांडोरीला पोटभर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मीही कुणी नसलेल्या कुंडीकडे बघत, श्वास धरून, अजिबात न हलता बसलो.